समुद्रपुष्पाच्या आश्रयाला राहणारा विदूषक मासा

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि त्यानंतर कित्येक दशके राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शाळांच्या सहली तेथे येत राहिल्या. काचेला नाक लावून रंगीबेरंगी मासे न्याहाळण्याचा तो आनंद आज आजोबा झालेल्या अनेकांच्या स्मरणात असेल. पुढे काचेच्या लहान पेट्या मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांतही येऊन बसल्या. परंतु काचेपलीकडे मजेत विहरणारे हे जीव मूळचे कोठले, त्यांचे खरे घर कसे असते आणि त्या घराची आज काय अवस्था आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अशा माशांपैकी विदूषक मासा हा बहुधा सर्वांत लोकप्रिय म्हणावा लागेल. नारिंगी अंग, त्यावर काळ्या कडांचे तीन पांढरेशुभ्र पट्टे आणि पोहताना डुलत डुलत जाण्याची लकब यांमुळे त्याला हे नाव पडले. २००३ साली प्रदर्शित झालेल्या ‘फाइंडिंग नेमो’ या अमेरिकी चित्रपटामुळे तो जगभरच्या बालगोपाळांच्या परिचयाचा झाला. शास्त्रज्ञ त्याला ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस या नावाने ओळखतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८३० साली या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पूर्ण वाढ झालेला मासा अकरा सेंटिमीटरांच्या पुढे जात नाही, म्हणजे तो आपल्या तळहातावर सहज मावावा. एवढ्याशा या जीवाच्या जीवनक्रमाने गेली दीडशे वर्षे शास्त्रज्ञांना विचार करावयास लावले आहे.

अंदमानच्या सागरात

अंदमान म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम सेल्युलर तुरुंग आणि काळ्या पाण्याची शिक्षा उभी राहते. त्याच बेटांभोवतीचे पाणी मात्र काळे नाही. किनाऱ्याजवळ ते पाचूसारखे हिरवे आणि इतके निर्मळ आहे, की होडीतून वाकून पाहिल्यास तळाचे प्रवाळ स्पष्ट दिसावेत. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ सालापासूनचे श्री विजयपुरम, येथून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर वांडूर आहे. तेथे १९८३ साली सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन करण्यात आले आणि त्यास महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. सुमारे २८१ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या उद्यानात पंधरा बेटांचा समावेश होतो. त्यांतील जॉली बॉय व रेड स्किन ही बेटे पर्यटकांच्या विशेष परिचयाची आहेत. तळाशी काच बसविलेल्या होडीतून येथील प्रवाळसृष्टीचे दर्शन घडते आणि नशिबाने साथ दिली, तर नारिंगी विदूषकांचे एखादे कुटुंबही दृष्टीस पडते.

अंदमानपासून पूर्वेकडे थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपानची दक्षिणेकडील बेटे आणि ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा एवढ्या विस्तृत टापूत ही जात आढळते. उथळ, उबदार आणि शांत पाणी तिला मानवते. साधारणतः पंधरा मीटरांपर्यंतच्या खोलीतच तिचा वावर असतो. तिच्या भाऊबंदांच्या सुमारे तीस जाती हिंदी व प्रशांत महासागरांत आहेत. त्यांपैकी काही लक्षद्वीपमध्ये आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत मन्नारच्या आखातातही आढळतात.

प्रवाळांची वसाहत

या माशाचे घर समजून घ्यावयाचे, तर प्रथम त्याचे गाव समजून घेतले पाहिजे. ते गाव म्हणजे प्रवाळभित्ती. नवरत्नांमध्ये गणले जाणारे पोवळे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेही प्रवाळच, मात्र ते सहसा खोल व अंधाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या निराळ्या कुळातील होय. उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती उभारणारे प्रवाळ उथळ, सूर्यप्रकाशित पाण्यात राहतात.

प्रवाळ हा वनस्पती नव्हे किंवा दगडही नव्हे, तर तो प्राणी आहे. त्याचा एकेक घटक बहुधा काही मिलिमीटर आकाराचा असतो. पिशवीसारखे शरीर, वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडकांचे कडे अशी त्याची साधी रचना असते. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन तो आपल्याभोवती चुनखडीचा कठीण पेला तयार करतो. असे लक्षावधी जीव पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना लागून वाढत गेले, की हजारो वर्षांत त्यांची भित्ती उभी राहते.

या बांधकामासाठी लागणारी शक्ती येते कोठून, हा प्रश्न साहजिक आहे. प्रवाळाच्या शरीरातील पेशींमध्ये अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाल वस्तीला असते. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः याच शैवालामुळे असतो. म्हणूनच प्रवाळभित्तीला स्वच्छ पाणी आणि भरपूर ऊन लागते. जगातील सागरतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळभित्तींनी व्यापला आहे. तथापि, सागरी जीवजातींपैकी जवळजवळ चतुर्थांश जातींना आयुष्यात केव्हा ना केव्हा तिचा आधार लागतो. भारतात अंदमान व निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही प्रवाळभित्तींची चार प्रमुख क्षेत्रे होत.

विषारी घराचा भाडेकरू

प्रवाळभित्तीवर प्रवाळाचाच एक नातेवाईक राहतो. फुलासारख्या रूपामुळे त्याला समुद्रपुष्प म्हणतात. त्याला चुनखडीचे कवच नसते. खडकाला बुडाने घट्ट चिकटून तो आपली शेकडो मांसल शुंडके प्रवाहात पसरून ठेवतो. काही जातींच्या समुद्रपुष्पाचा व्यास एक मीटरपर्यंत भरतो. त्याच्या शुंडकांवर असंख्य दंशकोशिका असतात. एखाद्या लहान माशाचा स्पर्श होताच या कोशिकांतून विषारी तंतू बाणासारखे सुटतात, मासा लुळा पडतो आणि समुद्रपुष्प त्याला हळूहळू तोंडाकडे ओढून घेते.

नेमक्या याच मृत्यूच्या ताटव्यात विदूषक मासा निर्धास्तपणे राहतो. कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने चीन समुद्रात हे दृश्य पाहिले आणि १८६८ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून या सहजीवनाचा अभ्यास सुरू आहे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत श्लेष्मल थरात या कोड्याचे उत्तर दडलेले आहे, असे आजवरच्या संशोधनावरून दिसते. इतर माशांच्या श्लेष्मात असलेली काही द्रव्ये दंशकोशिकांना चेतवितात. विदूषक माशाच्या श्लेष्मात त्यांचे प्रमाण फारच अल्प असते. त्यामुळे समुद्रपुष्पाला हा आगंतुक जणू कळतच नाही. तरीही नव्या समुद्रपुष्पात शिरताना मासा सावधगिरी बाळगतो. प्रथम शेपटीचा, मग पोटाचा ओझरता स्पर्श करीत, मागे सरत, पुन्हा जवळ येत तो हळूहळू आत स्थिरावतो.

जगात समुद्रपुष्पांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. पण विदूषक माशांच्या सर्व जातींना मिळून त्यांपैकी केवळ दहाच्या आसपास जाती चालतात. आपला नारिंगी विदूषक तर तीनच जातींचा आश्रय घेतो. आश्रयाविना तो फार काळ तग धरू शकत नाही. तो वेगाने पोहू शकत नाही, त्याचा भडक रंग शत्रूच्या नजरेत चटकन भरतो आणि मोठे मासे त्याला क्षणार्धात गिळतात. त्यामुळे तो आपल्या समुद्रपुष्पापासून एखाद-दोन मीटरांच्या पलीकडे सहसा जात नाही. पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म प्लवक जीव व शैवाल खाऊन तो दिवस काढतो आणि रात्री शुंडकांच्या कुशीत निजतो.

या आश्रयाचे भाडेही तो चुकवितो. समुद्रपुष्पाची शुंडके कुरतडून खाणाऱ्या माशांना तो हुसकावून लावतो. त्याच्या मलमूत्रातील नत्रयुक्त द्रव्ये समुद्रपुष्पाच्या पेशींतील शैवालाला खतासारखी उपयोगी पडतात. कारण प्रवाळाप्रमाणेच समुद्रपुष्पाच्या शरीरातही शैवालाची वस्ती असते. रात्री मासा शुंडकांमध्ये सतत हालचाल करतो, त्यामुळे पाणी खेळते राहून समुद्रपुष्पाला प्राणवायूचा पुरवठा होतो. असा हा तिघांचा संसार आहे: शैवाल अन्न देते, समुद्रपुष्प आसरा देते आणि मासा राखण करतो.

एका छपराखालचे कुटुंब

एका समुद्रपुष्पात साधारणतः एक मादी, एक नर आणि काही लहान मासे राहतात. मादी आकाराने सर्वांत मोठी आणि घराची खरी कारभारीण. तिच्या खालोखाल तिचा जोडीदार नर. उरलेले मासे वयाने कितीही वाढले तरी प्रजोत्पादन करीत नाहीत आणि आकाराच्या उतरत्या क्रमाने आपापली पायरी सांभाळून राहतात. गंमत अशी, की ही लहान मंडळी त्या दांपत्याची मुले नसतात. ती अन्य ठिकाणांहून वाहत येऊन येथे आश्रयाला राहिलेली असतात.

कारभारीण मादी मेली, की घरात एक विलक्षण फेरबदल घडतो. तिचा जोडीदार नर काही आठवड्यांत मादी बनतो आणि लहानांपैकी सर्वांत मोठा मासा नराची जागा घेतो. बाकीचे एकेक पायरी वर सरकतात. हान्स फ्रिके व सिमोन फ्रिके या जर्मन संशोधकांनी १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकातून या लिंगपरिवर्तनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चित्रपटातील नेमोची आई मरते आणि वडील त्याचा सांभाळ करतात. निसर्गाच्या नियमानुसार ते वडीलच काही दिवसांनी मादी झाले असते; मात्र चित्रपटाच्या कथेत हे सामावणे अवघड होते, हे उघडच आहे.

या व्यवस्थेत ‘बळी तो कान पिळी’ हाच न्याय चालत असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पापुआ न्यू गिनीतील अगदी निकटच्या जातीवर पीटर बस्टन यांनी केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून निराळीच गोष्ट पुढे आली. प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान राहतो, त्यासाठी तो स्वतःची वाढ आवरून धरतो. वरच्याची बरोबरी करू लागलेल्या माशाला घराबाहेर काढले जाण्याचा धोका असतो आणि घराबाहेर मृत्यू ठरलेला असतो. म्हणून तो रांगेत उभा राहून आपली पाळी येण्याची वाट पाहतो. ही वाट पाहणे अनेक वर्षांचेही असू शकते. त्याच जातीतील मादी तीस वर्षांपर्यंत जगू शकेल, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढ्या लहान माशाच्या मानाने हे आयुष्य फारच दीर्घ आहे.

परक्या माशाला मात्र घरात थारा नसतो. जपानमधील ओकिनावा येथील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पट्ट्यांची संख्या वेगवेगळी असलेले कृत्रिम मासे नारिंगी विदूषकांपुढे ठेवण्यात आले. तीन पट्ट्यांच्या प्रतिकृतीवर, म्हणजे आपल्याच जातीच्या प्रतिस्पर्ध्यासारख्या दिसणाऱ्या माशावर, त्यांनी सर्वाधिक हल्ले केले. एक पट्टा असलेल्या किंवा मुळीच पट्टे नसलेल्या प्रतिकृतींकडे त्यांचे लक्ष तुलनेने कमी गेले. त्यांना पट्ट्यांची संख्या ओळखता येत असावी, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

पित्याची पाळत आणि पिलांचा प्रवास

अंडी घालण्यापूर्वी नर समुद्रपुष्पाच्या बुडाजवळील खडकाचा एक तुकडा तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करतो. अनेक ठिकाणी पौर्णिमेच्या सुमारास मादी तेथे काहीशे अंडी चिकटविते. त्यानंतरचे काम मुख्यतः पित्याचे. तो कल्ल्यांजवळच्या परांनी अंड्यांवर सतत पाणी खेळवितो, खराब झालेली अंडी वेचून काढतो आणि जवळ येणाऱ्या कोणावरही धावून जातो. पाणबुड्याची बोटेही त्याच्या चाव्यातून सुटत नाहीत. आठवड्याभरात, सूर्यास्तानंतरच्या अंधारात, अंडी फुटतात आणि काही मिलिमीटर लांबीची पारदर्शक पिले प्रवाहाबरोबर खुल्या समुद्रात निघून जातात.

पुढचे आठ ते बारा दिवस पिलांच्या जीवनातील सर्वांत धोक्याचे असतात. बहुतेक पिले या काळात इतरांचे भक्ष्य होतात. जी वाचतात, त्यांच्या अंगावर पट्टे उमटू लागतात आणि त्यांना आता घर शोधावे लागते. अंड्यात असतानाच जवळच्या समुद्रपुष्पाचा गंध त्यांच्या ओळखीचा झालेला असतो, असे नारिंगी विदूषकावरील प्रयोगांत आढळून आले आहे. त्या गंधाच्या मागावर ती योग्य जातीच्या समुद्रपुष्पापर्यंत पोचतात.

पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरातील एका लहान बेटाभोवती शास्त्रज्ञांनी पिलांच्या जन्मस्थानाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. तेथे येऊन स्थिरावलेल्या पिलांपैकी सुमारे साठ टक्के पिले त्याच बेटाजवळ जन्मलेली होती, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले. खुल्या समुद्रात दिवस काढूनही ती आपल्या गावी परतली होती. या शोधाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. एखाद्या लहानशा प्रवाळक्षेत्राला संरक्षण दिले, तर त्याचा लाभ त्याच क्षेत्राला मिळतो. उलट, एखाद्या ठिकाणचे मासे संपूर्णपणे काढून नेले, तर दुरून नवे मासे येऊन ती जागा भरून निघेलच, याची शाश्वती राहत नाही.

घर पांढरे पडते तेव्हा

या सुव्यवस्थित जगावर आज जे मोठे संकट आले आहे, त्याचे मूळ पाण्याच्या तापमानात आहे. नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंश सेल्सियसने अधिक तापले आणि ती स्थिती काही आठवडे टिकली, तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो. शैवाल गेले की रंग जातो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले, तर शैवाल परत येते आणि प्रवाळ सावरतो. उष्णता लांबली, तर तो उपासमारीने मरतो. समुद्रपुष्पाचेही असेच विरंजन होते. ते आक्रसून लहान होते आणि त्याच्या पांढऱ्याफटक शुंडकांत बसलेला नारिंगी मासा शत्रूला अधिकच ठळक दिसू लागतो.

भारताच्या प्रवाळक्षेत्रांना १९९८, २०१० व २०१६ या वर्षांत अशा विरंजनाचे मोठे तडाखे बसले. २००४ सालच्या २६ डिसेंबरच्या भूकंपाने अंदमानच्या उत्तरेकडील काही बेटांचा किनारा उचलला गेला आणि तेथील प्रवाळ पाण्याबाहेर उघडे पडून मेले, ही आपत्ती वेगळीच. एप्रिल २०२४ मध्ये जगाच्या पातळीवरील चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा शास्त्रीय संस्थांनी केली. त्याच सुमारास लक्षद्वीपमधील प्रवाळांचेही मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे आढळले.

माशावर याचा काय परिणाम होतो? प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाजवळ विदूषक माशाच्या एका जातीची १४ महिने पाहणी करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, विरंजित समुद्रपुष्पांत राहणाऱ्या माशांच्या शरीरात ताण दर्शविणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण वाढले आणि त्यांच्या अंड्यांच्या उत्पादनात ७३ टक्क्यांची घट झाली. मासा घर सोडून जात नाही, कारण त्याला जाण्यास दुसरी जागा नसते. पण त्याच्या घरातील पाळणा हलेनासा होतो. तांबड्या समुद्राच्या मध्यभागातील काही प्रवाळभित्तींवर २०२३ सालच्या उष्णतेच्या लाटेनंतर याहून भीषण चित्र दिसले. तेथील बहुसंख्य समुद्रपुष्पे मेली आणि त्यांच्या आश्रयाचे विदूषक मासे जवळजवळ सर्वच नाहीसे झाले.

काचेच्या पेटीची मागणी

दुसरे संकट माणसाच्या हौसेतून आले आहे. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी तळ्यांत व टाक्यांत वाढविलेले असतात. याउलट, समुद्रातील शोभेच्या माशांपैकी बहुसंख्य आजही प्रवाळभित्तीवरून पकडून आणले जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइडचे द्रावण फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत पसरली. त्यात मासा पेटीपर्यंत पोचण्यापूर्वीच मरण्याचा संभव असतो आणि आसपासचे प्रवाळही विषाने मरतात. विदूषक मासा तर एका जागी राहणारा, म्हणून पकडण्यास सोपा. एका समुद्रपुष्पातील मादी उचलली, की त्या घराचा संपूर्ण क्रम विस्कटतो आणि नवी जोडी जमेपर्यंत तेथे अंडी पडत नाहीत.

भारतात प्रवाळभित्ती उभारणाऱ्या सर्व प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. त्यामुळे प्रवाळ तोडणे, बाळगणे अथवा विकणे हा गुन्हा ठरतो. तथापि, केवळ कायद्याने बाजारातील मागणी नाहीशी होत नाही. ती भागविण्याचा निर्दोष मार्ग उपलब्ध करून देणे, हाही संरक्षणाचाच एक भाग होय.

टाकीतील पैदास आणि किनाऱ्यावरील रोजगार

सुदैवाने विदूषक मासा हा टाकीत पैदास करता येण्याजोग्या मोजक्या सागरी शोभिवंत माशांपैकी आहे. विशेष म्हणजे टाकीत शत्रू नसल्यामुळे त्याला समुद्रपुष्पाचीही गरज भासत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या अनेक जातींच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे.

या तंत्राचे स्वरूप समजण्यास सोपे आहे. दोन लहान मासे एका टाकीत एकत्र ठेवावयाचे. कालांतराने त्यांतील वरचढ मासा मोठा होऊन मादी बनतो आणि दुसरा नर. मासा निसर्गतःच लिंग बदलणारा असल्याने नर-मादी निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. टाकीतील फरशीच्या अथवा मातीच्या भांड्याच्या तुकड्यावर मादी अंडी घालते. जोडी एकदा जमली, की दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी मिळू लागतात. अंडी फुटल्यावर पिलांना प्रथम सूक्ष्म प्लवक जीव आणि पुढे आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातील कवचधारी जीवाची पिले खाऊ घालतात. पहिले दोन आठवडे कसोटीचे असतात. पाण्याची क्षारता, तापमान व स्वच्छता यांत थोडी जरी चूक झाली, तरी सगळी खेप हातची जाते. पट्टे उमटले, की संगोपन तुलनेने सुकर होते.

महाराष्ट्र शासनाने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. पुढे कांदळवन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. कांदळवनांचे रक्षण करणाऱ्या किनारी गावांना त्या रक्षणातून उपजीविकेचे साधन मिळावे, या हेतूने खेकडापालन, कालवेपालन आदी उपक्रमांना चालना देण्यात आली. त्यांत शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश आहे. नवी मुंबईतील ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सागरी शोभिवंत माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारण्यात आले असून, त्यात विदूषक माशाला प्रमुख स्थान आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही शोभिवंत मत्स्यपालनाचा अंतर्भाव करण्यात आला आणि महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींसाठी प्रकल्पखर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद ठेवण्यात आली.

हा व्यवसाय घराच्या पडवीतही करता येण्यासारखा असला, तरी तो दुर्लक्ष खपवून घेणारा नाही. वीज गेली आणि हवा सोडणारा पंप काही तास बंद राहिला, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया जाते. म्हणून पर्यायी विजेची सोय, नियमित प्रशिक्षण आणि खात्रीचा खरेदीदार या तीन गोष्टी जमल्या, तरच तो टिकतो. ग्राहकाने दुकानात मासा घेताना तो टाकीत पैदास केलेला आहे काय, एवढा एकच प्रश्न विचारला, तरी या कष्टकरी गटांच्या पदरात त्यांचे श्रेय पडेल आणि कोठल्या तरी प्रवाळभित्तीवरील एक घर शाबूत राहील.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात ठेवली पाहिजे. टाकीतील पैदाशीमुळे समुद्रातील माशांची पकड कमी होऊ शकते. तापलेल्या पाण्यावर तो उपाय नव्हे. प्रवाळ मेले आणि समुद्रपुष्पे नष्ट झाली, तर टाकीत लाखो मासे असूनही त्यांना परत पाठविण्यास समुद्रात घर उरणार नाही. हौशी मंडळींनी कंटाळा आल्यावर पेटीतील मासे जवळच्या खाडीत सोडून देणे तर सर्वस्वी अयोग्य आहे. त्यामुळे रोगराई पसरण्याचा धोका असतो आणि बहुधा तो मासाही जगत नाही.

आपल्या दाराशी असलेले प्रवाळ

महाराष्ट्राला प्रवाळांचे दर्शन घेण्यासाठी अंदमानपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याची पायाभरणी केली, त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर प्रवाळ वाढतात. या भागाचे महत्त्व ओळखून १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, खुल्या समुद्रात, आंग्रिया बँक हे जलमग्न पठार आहे. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते ओळखले जाते आणि तेथेही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे.

मालवण व तारकर्ली येथे पाण्याखालील सृष्टी पाहण्यासाठी दर हंगामात हजारो पर्यटक येतात. त्यातून स्थानिक तरुणांना रोजगार मिळतो, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु होडीचा एक नांगर प्रवाळावर पडला, तरी कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळावर पाय ठेवू नये, हात लावू नये, माशांना पाव-बिस्किटे घालू नयेत आणि आठवण म्हणून एखादा तुकडाही उचलू नये. होडीवाल्यांनी नांगर वाळूवर अथवा ठरवून दिलेल्या बोयाला बांधावा. हे नियम साधे आहेत. पण ते पाळले जातात की नाही, यावरच आपल्या प्रवाळांचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून आहे. जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेण्यास मनाई आहे आणि पर्यटक तिचे पालन करतात. तेथे जे शक्य झाले, ते आपल्या किनाऱ्यावर अशक्य मानण्याचे कारण नाही.

तापणाऱ्या समुद्राचा प्रश्न एका राज्याच्या किंवा एका देशाच्या हातचा नाही. परंतु ज्या प्रवाळांना माणसाच्या पायाचा, नांगराचा, गाळाचा आणि सांडपाण्याचा त्रास नसतो, ते विरंजनानंतर सावरण्याची शक्यता अधिक असते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. तेवढी संधी त्यांना देणे आपल्या हाती आहे. वीतभरही लांबी नसलेला एक मासा एका फुलासारख्या प्राण्याच्या आधाराने तीस-तीस वर्षे संसार करतो, आपली पाळी येण्याची वाट पाहतो आणि त्याची पिले गंधाच्या आठवणीवर घर शोधीत येतात. ती येतील तेव्हा ते घर जागेवर असावे, यासाठी किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने आपला वाटा उचलला पाहिजे.